सांधेदुखी आणि स्नायूदुखीवर घरगुती उपाय: सुरुवात कुठून करावी

माझा उजवा गुडघा दुखू लागला, तेव्हा घरात जे जे हाताशी होते ते सगळे मी एकाच वेळी करून पाहिले. सकाळी मलम, दुपारी बर्फ, रात्री गरम पाण्याची पिशवी, वरून घट्ट आवळलेले क्रेप बँडेज आणि पोटात हळदीच्या गोळ्या असा सगळा मारा तीन आठवडे चालला होता. गुडघा होता तसाच दुखत राहिला, त्यात पिशवीने भाजल्याचा डाग पडला, आणि एवढे करून नेमक्या कशाने थोडा आराम पडला होता हेही मला सांगता येत नव्हते. पुढे फिजिओथेरपिस्टने विचारलेले प्रश्न अगदी साधे होते: कोणती हालचाल केली की दुखते, सकाळी उठल्यावर सांधा किती वेळ आखडलेला असतो आणि सूज चढते का. एकाही प्रश्नाचे नीट उत्तर माझ्यापाशी नव्हते.

या लेखातील पायऱ्यांचा क्रम त्या अनुभवातून ठरला आहे. आधी दुखण्याचा प्रकार ओळखावा, त्यानुसार उपाय निवडावा, एका वेळी एकच नवा उपाय काही दिवस नेमाने करावा आणि त्याची नोंद ठेवावी. पहिली पायरी मात्र घाई असली तरी वगळू नका.

१. घरी उपचार करू नयेत अशी दुखणी आधी बाजूला काढा

दुखणे अंगावर काढण्याची आपल्याला सवय असते आणि बहुतेक वेळा ते निभावतेही. पण खालीलपैकी काहीही असेल तर शेक, लेप किंवा मालीश यांत वेळ न घालवता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

- एखादा सांधा अचानक सुजला, लाल आणि गरम झाला आणि सोबत ताप किंवा थंडी वाजणे आहे. सांध्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर काही दिवसांतच सांध्याची कायमची हानी होऊ शकते.
- एकाच पायाची पोटरी सुजली आहे, गरम लागते आणि दुखते. शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते, त्यामुळे अशी पोटरी चुकूनही चोळू नये.
- पडल्यानंतर किंवा मार लागल्यानंतर त्या पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नाहीत, किंवा सांध्याचा आकार बदललेला दिसतो.
- कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला आहे, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला आहे किंवा पायातली शक्ती कमी होत आहे.
- अतिश्रमानंतर स्नायू प्रचंड दुखत आहेत, अशक्तपणा आहे आणि लघवी गडद तपकिरी रंगाची होत आहे. स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर तुटून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडांवर ताण आणतात, तेव्हा असे होते.
- खांदा, डावा हात किंवा जबडा दुखत असून सोबत छातीत दाब, घाम किंवा धाप आहे. याला स्नायूदुखी समजून मलम चोळत बसणे जिवावर बेतू शकते.

याशिवाय काही दुखणी तितकी तातडीची नसतात, पण घरी सांभाळण्यासारखीही नसतात. कारण नसताना वजन उतरणे, रात्री झोपेतून जागे करणारी सततची वेदना आणि लहान मुलाचे लंगडणे ही त्यांतली प्रमुख होत. यांसाठी काही दिवसांत वेळ ठरवून तपासणी करून घ्यावी.

२. दुखणे कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखा

इथे दिलेला वेळ पुढे भरून निघतो. सर्वांत आधी स्नायू दुखतो आहे की सांधा, हे पाहावे. अवयव सैल सोडून दुसऱ्या कुणाला तो हलक्या हाताने हलवायला सांगा. तसे केल्यावर फारसे दुखत नाही, पण स्वतः जोर लावताच कळ येते, अशा वेळी दुखणे बहुधा स्नायूचे किंवा त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेचे असते. दोन्ही प्रकारे सारखेच दुखत असेल तर सांध्याकडे संशय घ्यावा. ही परीक्षा ढोबळ आहे, पण सुरुवातीला पुरते.

सवय नसलेला व्यायाम किंवा श्रमाचे काम केल्यानंतर अंग आंबते, त्याचे गणित ठरलेले असते. दुखणे लगेच सुरू होत नाही. ते १२ ते २४ तासांनी जाणवू लागते, २४ ते ७२ तासांत सर्वाधिक होते आणि आठवडाभरात ओसरते. उतारावरून चालणे किंवा वजन सावकाश खाली ठेवणे यांसारख्या कामांत स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, म्हणून अशा कामांनंतर ते अधिक होते. हे दुखणे लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे होते, असे अजूनही सर्रास सांगितले जाते. वास्तविक ते आम्ल श्रम थांबल्यावर तासाभरातच बहुतांश निघून गेलेले असते, आणि दुसऱ्या दिवशीचा ठणका हा तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचा आणि तिच्या दुरुस्तीचा असतो. तेच काम पुढच्या वेळी केले की दुखणे बरेच कमी होते, ही समाधानाची बाब आहे.

सांध्यांच्या बाबतीत सकाळच्या आखडलेपणाकडे लक्ष द्यावे. झिजेमुळे होणाऱ्या संधिवातात सांधा सकाळी आखडतो, पण साधारण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो आणि दुखणे दिवसभराच्या वापराने वाढते. आमवातासारख्या दाहाच्या आजारात आखडलेपणा तासभर किंवा त्याहूनही जास्त टिकतो, हातांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सारखेच सुजतात आणि हालचालीने उलट थोडे बरे वाटते. हा प्रकार दिसला तर घरगुती उपायांवर महिने घालवू नयेत, कारण त्यावरची औषधे लवकर सुरू केली तरच सांधे वाचतात. पायाच्या अंगठ्याचा सांधा मध्यरात्री अचानक असह्य ठणकू लागला आणि पांघरुणाचा स्पर्शही नकोसा झाला, तर युरिक आम्लाच्या स्फटिकांमुळे होणाऱ्या गाउटचा विचार करावा. त्यात शेक आणि मालीश यांनी त्रास वाढतो, बर्फाने थोडा उतार पडतो आणि तपासणीवाचून पुढे जाता येत नाही.

आणखी एक गोष्ट अनेकदा नजरेतून सुटते. सगळे अंगच दुखत असेल आणि श्रमाचे काही कारण नसेल, तर ड जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे काम मंदावणे किंवा कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील गोळ्या, यांपैकी काहीतरी मागे असू शकते. रक्ततपासणीत हे कळते. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

३. साहित्य जमवून ठेवा

फार काही लागत नाही. गरम पाण्याची झाकणबंद रबरी पिशवी, बर्फासाठी जाड प्लास्टिकची पिशवी, दोन सुती टॉवेल, लवचीक क्रेप बँडेज, मालिशीसाठी साधे वनस्पती तेल, चाके नसलेली भक्कम खुर्ची, एक टेनिसचा चेंडू, घड्याळ आणि एक वही. महागडी यंत्रे, चुंबकीय पट्टे आणि तांब्याची कडी या यादीत मी मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण चाचण्यांत त्यांचा गुण दिखाऊ उपचारापेक्षा जास्त आढळलेला नाही.

४. थंड की गरम, ते ठरवा

नवे दुखणे, मुरगळणे, लचक भरणे, सूज आणि गरमपणा असेल तर थंड शेक घ्यावा. जुने दुखणे, आखडलेपणा आणि सूज नसलेला ताठर स्नायू असेल तर गरम शेक घ्यावा. बहुतेकांचा गोंधळ एवढ्यानेच मिटतो.

थंड शेकासाठी बर्फाचे बारीक तुकडे आणि थोडे पाणी पिशवीत घालून तिच्याभोवती ओलसर कापड गुंडाळावे आणि १० ते १५ मिनिटे ठेवावे. पहिल्या दोन दिवसांत दर दोन-तीन तासांनी असा शेक घेता येतो. बर्फ थेट त्वचेवर ठेवल्यास त्वचा आणि तिच्याखालच्या नसा थिजून इजा होते. मुरगळल्यावर विश्रांती, बर्फ, बँडेज आणि अवयव उंच ठेवणे हे चार उपाय अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडले आणि ते जगभर रुळले. पुढे २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिले की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्यास उलट उशीर होऊ शकतो. कारण असे की सूज ही दुरुस्तीच्या कामाचाच भाग असते. त्यामुळे आज बर्फाकडे वेदना कमी करण्याचे थोड्या वेळाचे साधन म्हणून पाहावे, आणि दोन दिवसांनंतर सोसवेल तितकी हालचाल सुरू करावी. ताज्या दुखापतीवर पहिले दोन-तीन दिवस गरम शेक, जोराची मालीश आणि मद्य ही तिन्ही टाळावीत.

गरम शेक १५ ते २० मिनिटे पुरतो. पिशवीत उकळते पाणी भरू नये, ती दोन-तृतीयांशच भरावी, हवा काढून झाकण लावावे आणि पिशवी टॉवेलात गुंडाळून वापरावी. बोटांचे सांधे सकाळी आखडत असतील तर कोमट पाण्याच्या भांड्यात हात बुडवून १० मिनिटे मुठी उघडझाप कराव्यात. पाण्यातच हालचाल होते, म्हणून हा उपाय मला कोरड्या शेकापेक्षा सरस वाटतो. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट पाण्यात घालण्याची पद्धत आहे. त्यातले मॅग्नेशियम त्वचेतून पुरेसे आत शिरते, याला भक्कम पुरावा नाही, आणि जो आराम मिळतो त्याचे श्रेय मुख्यतः गरम पाण्याकडे जाते. आवडत असेल तर घालावे, नसेल तर काही बिघडत नाही.

सर्वांत सामान्य चूक म्हणजे पिशवी किंवा विजेचा पॅड अंगाखाली घेऊन झोपी जाणे. मी तेच केले होते. भाजल्याची जाणीव झोपेत होत नाही. ज्यांना मधुमेह आहे आणि ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना तर जागेपणीही ती होत नाही. त्यांनी पायांवर गरम किंवा थंड, कोणताही शेक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

५. हालचाल हाच मुख्य उपाय समजा

हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील वंगणद्रवातून होते आणि हा द्रव भार पडणे व सुटणे यांमुळे कूर्चेत आत-बाहेर होतो. म्हणजे सांधा जपण्यासाठी तो अजिबात न हलवणे म्हणजे त्याची उपासमार करणे होय. शिवाय वापर थांबला की मांडीचे स्नायू झपाट्याने दुबळे होतात आणि जो भार त्यांनी उचलायचा तो थेट गुडघ्यावर येतो. म्हणूनच झिजेच्या संधिवातावरील वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांमध्ये व्यायामाला औषधांच्याही आधी स्थान असते. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितले असते, तर माझे कित्येक महिने वाचले असते.

गुडघ्यासाठी तीन व्यायामांपासून सुरुवात करता येते.

पहिला: पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि मांडी आवळून गुंडाळी खाली दाबा. पाच सेकंद धरा, सोडा. असे दहा वेळा करा.

दुसरा: पाठीवर झोपा, एक गुडघा दुमडा, दुसरा पाय सरळ ताठ ठेवून सुमारे वीतभर उचला, पाच सेकंद धरा आणि सावकाश खाली आणा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा करा.

तिसरा: खुर्चीवर बसून हातांचा आधार न घेता उभे राहा आणि तितक्याच सावकाश खाली बसा. सुरुवातीला पाच वेळा पुरे. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा.

खांदा आखडला असेल तर टेबलाला एका हाताने टेकून पुढे वाका, दुखरा हात सैल लोंबकळू द्या आणि शरीराच्या झोक्याने त्याला लहान वर्तुळे काढू द्या. पोटरीसाठी भिंतीला हात टेकून एक पाय मागे न्यावा, टाच जमिनीला टेकलेली ठेवून ताण ३० सेकंद धरावा. झटके देऊ नयेत.

व्यायाम करताना थोडे दुखणारच, आणि किती दुखणे चालेल हा प्रश्न सगळ्यांना पडतो. शून्य ते दहा अशी मोजपट्टी मनात धरा. चारपर्यंतची वेदना चालते, मात्र ती २४ तासांत पूर्वीच्या पातळीवर आली पाहिजे. दुसऱ्या दिवशीही वाढलेलीच असेल किंवा सूज आली असेल, तर व्यायाम सोडू नका, आवर्तने निम्मी करा. गुण येण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. दहाव्या दिवशी कंटाळून सोडणारे लोक पुष्कळ असतात, आणि तेच पुढे व्यायामाने काही झाले नाही असे सांगतात.

चालणे, सायकल आणि पाण्यातले चालणे हे सर्व चांगले. पाणी शरीराचा बराच भार उचलते, म्हणून ज्यांना जमिनीवर चालवत नाही त्यांनी कमरेइतक्या पाण्यात सुरुवात करावी. काठी वापरत असाल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. जिना चढताना आधी चांगला पाय वर टाका आणि उतरताना आधी दुखरा पाय खाली टाका.

६. मालीश आणि मलमे

मालिशीने ताठर स्नायू सैलावतो आणि वेदनेची जाणीव काही काळ बोथट होते. तेल कोणते यापेक्षा हात कसा चालतो याला जास्त महत्त्व आहे. तळहाताने हलका, सलग दाब देत हृदयाच्या दिशेने पाच ते दहा मिनिटे चोळावे. पाठीतल्या हाताने न पोहोचणाऱ्या गाठीसाठी टेनिसचा चेंडू भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरून अर्धा मिनिट दाब द्यावा, पण मणक्यावर तो ठेवू नये.

मलमांपैकी मिरचीतील कॅप्सेसिन असलेले मलम विशेष उल्लेखनीय आहे. उष्णतेची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंच्या ज्या ग्राहकावर, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनावर, ते काम करते, त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सुरुवातीला जळजळ होते, पण रोज तीन-चार वेळा लावत राहिल्यास दोन ते चार आठवड्यांत ते तंतू वेदनेचे संदेश कमी पाठवू लागतात. मधूनच एकदा लावून काही मिळत नाही. लावल्यावर हात साबणाने धुवावेत आणि डोळ्यांना स्पर्श टाळावा. घरी मिरची वाटून लेप करू नये, कारण तिची तीव्रता कळत नाही आणि त्वचेला फोड येतात.

विंटरग्रीन या झुडपाच्या तेलात मिथाइल सॅलिसिलेट असते, म्हणजे ॲस्पिरिनचा जवळचा नातलग. त्याचा एक लहान चमचा पोटात गेला तर तो सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतका होतो आणि लहान मुलाचा जीव घेऊ शकतो. बाटली कुलपात ठेवा. कोणत्याही झणझणीत मलमावर गरम शेक किंवा घट्ट बँडेज नको.

७. पोटात घ्यायचे उपाय

हळदीबद्दल माझ्या फार अपेक्षा होत्या. तिच्यातील कर्क्युमिन हा घटक दाह कमी करतो, आणि गुडघ्याच्या झिजेवर त्याने थोडा आराम पडल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. अडचण प्रमाणाची आहे. वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन वजनाच्या साधारण ३ टक्केच असते, आणि अभ्यासांत दिवसाला बहुधा ५०० ते १,५०० मिलिग्रॅम दिलेले असते. त्यामुळे चमचाभर हळदीने तो परिणाम मिळत नाही. शिवाय ते आतड्यातून फार कमी शोषले जाते, म्हणून गोळ्यांमध्ये काळ्या मिरीतील पायपरीन घालतात. पण तेच पायपरीन इतर औषधांचे रक्तातील प्रमाणही बदलू शकते, आणि अशा तीव्र गोळ्यांनी यकृताला सूज आल्याची प्रकरणे नोंदलेली आहेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, पित्ताशयात खडे असतील किंवा शस्त्रक्रिया जवळ आली असेल, तर या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत. आल्याचा परिणाम सौम्य आहे आणि छातीत जळजळ होणाऱ्यांना ते सोसत नाही. विलो या झाडाच्या सालीत ॲस्पिरिनसारखेच काम करणारे सॅलिसिन असते, म्हणून ज्यांना ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटात व्रण आहे त्यांनी ती टाळावी.

घटकांची यादी नसलेली, दोन दिवसांत जादूसारखा गुण देणारी नैसर्गिक पूड कुणी दिली, तर ती घेऊ नका. अशा पुड्यांत छुपे स्टिरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेले सापडले आहे. गुण येतो तो त्यामुळेच, आणि पुडी अचानक थांबवल्यावर शरीर कोलमडते.

८. वजन आणि झोप

वजन जास्त असेल तर एक आकडा लक्षात ठेवा: शरीराचे एक किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. झोप अपुरी असेल तर तीच वेदना जास्त तीव्र भासते. रात्रभर गुडघ्याखाली उशी घेऊन झोपल्याने तेवढ्यापुरते बरे वाटते, पण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडत जातो. त्यापेक्षा कुशीवर झोपून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी.

९. नोंद ठेवा आणि मुदत ठरवा

वहीत रोज चार गोष्टी लिहा: सकाळी आखडलेपणा किती मिनिटे होता, दिवसातली सर्वाधिक वेदना दहापैकी किती होती, कोणत्या हालचालीने ती वाढली आणि कोणता उपाय केला. दोन मिनिटांचे काम आहे. एक उपाय किमान दोन आठवडे चालवल्याशिवाय दुसरा सुरू करू नका. व्यायाम आणि शेक मात्र जोडीने चालतात, कारण व्यायामाआधी शेक घेतला की सांधा सहज हलतो.

श्रमाने आंबलेले अंग आठवड्यात मोकळे झाले नाही, लचक दोन आठवड्यांत कमी झाली नाही किंवा सांधेदुखी सहा आठवडे नेमाने उपाय करूनही तशीच राहिली, तर डॉक्टरांची वेळ घ्यावी. जाताना ही वही न्यावी. चालू असलेल्या सर्व औषधांची, गोळ्यांची आणि काढ्यांची प्रमाणासह यादी, जुने रक्ततपासणी अहवाल आणि क्ष-किरण चित्रे, तसेच घरात कुणाला आमवात, गाउट किंवा सोरायसिस असल्यास त्याची माहितीही सोबत असावी. सूज येऊन जाणारी असेल, तर ती असतानाच मोबाइलवर दोन्ही हातांचा किंवा पायांचा एकत्र फोटो काढून ठेवा, कारण तपासणीच्या दिवशी ती नेमकी उतरलेली असते.